हर्डलपलीकडचं पहिलं पाऊल

हर्डल नीट पार झालं की नाही, हे जयसिंगपुरातले एक क्रीडाशिक्षक कानाने ओळखतात. पोर पळत येतं, हर्डलवरून जातं, पलीकडे पाय टेकतो. रोलर फिरवलेल्या मुरमावर तो आवाज जड आणि पसरट आला, की सर मान न वळवता सांगतात, टाच टेकली. आवाज बारीक आणि तुटक आला, तर काहीच बोलत नाहीत, पुढच्या पोराला सोडतात. मैदानाच्या कडेला बसून थोडा वेळ कान दिला, तर आपल्यालाही हा फरक कळू लागतो.

त्यांच्या हाताखाली नववीतली एक मुलगी आहे. उदगावकडून सायकलने येते. सपाट शंभर मीटरमध्ये शाळेतलं कुणी तिच्या जवळपास येत नाही. ऐंशी मीटर हर्डल्समध्ये मात्र पहिल्या हर्डलला ती सगळ्यांच्या पुढे असते, चौथ्याला बरोबरीत येते आणि शेवटच्या हर्डलनंतर दोघी-तिघी तिला मागे टाकून जातात. घरच्यांना वाटतं, हिला दम पुरत नाही. ओळखीच्या एकदोघांनी सल्ला दिला, उडी कमी पडते, पाय अजून उंच टाकायला शिकवा. पहिलं निदान चुकीचं आहे आणि दुसरं तर घातक. तिची उडी कमी पडत नाही, तिची उडी जास्त होते. हर्डलच्या वरून ती चांगली वीतभर मोकळी जागा सोडून जाते, आणि त्या वीतभर जागेची किंमत तिला पलीकडे उतरताना मोजावी लागते.

हवेत असताना कोणाचाही वेग वाढत नाही. वेग वाढतो तो पाय जमिनीवर असताना, जमीन मागे रेटताना. पाय जमिनीवरून सुटला, की शरीराच्या गुरुत्वमध्याचा, म्हणजे ढोबळमानाने कमरेजवळच्या एका बिंदूचा, मार्ग ठरून गेलेला असतो. मग हात हलवा, पाय आवळा, अंग वाकवा. त्या बिंदूला जिथे जायचं तिथेच तो जातो आणि जितक्या उंचीवरून यायचं तितक्याच उंचीवरून खाली येतो. याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रानेही होतो. सगळ्यात वरच्या ठिकाणापासून २० सेंटिमीटर खाली यायला साधारण ०.२० सेकंद लागतात, ३० सेंटिमीटरला ०.२५ च्या जरा आत. वर चढतानाही जवळपास तेवढाच फरक. म्हणजे दहा सेंटिमीटर जादा उंचीचे ०.०९ सेकंद. ऐंशी मीटरच्या शर्यतीत आठ हर्डल्स असतात. आठ नव्वे बहात्तर: पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ नुसती हवेत गेली. शाळकरी मुलींच्या शर्यतीत पहिलीची पाचवी व्हायला एवढा वेळ पुरतो. आणि हा झाला फक्त हवेतला खर्च. उतरल्यावरचा वेगळाच.

चांगलं उतरणं कसं असतं, ते आधी सांगतो. हर्डलवर जो पाय पुढे जातो त्याला मैदानावर सगळे लीड लेग म्हणतात, मागून येतो तो ट्रेल लेग. लीड लेगची टाच हर्डलच्या पलीकडे गेली, की तो पाय नुसता पडू द्यायचा नसतो, खाली आणि मागे ओढायचा असतो. तो पंजाच्या पुढच्या भागावर टेकतो, टाच जमिनीला लागत नाही, आणि टेकतो त्या क्षणी कंबर त्याच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असते. तोपर्यंत ट्रेल लेगचा गुडघा बाजूने वर येऊन काखेच्या दिशेने पुढे आलेला असतो, म्हणजे पुढचं पाऊल टाकायला तो तयार असतो. हे सगळं जमलं तर बघणाऱ्याला मध्ये हर्डल होतं हे जाणवतसुद्धा नाही. मोठ्या खेळाडूंचा तो पाय जमिनीवर एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वेळ असतो.

आमच्या या मुलीचं काय होतं? ती उंचावरून येते, त्यामुळे लीड लेग सरळ ताठ राहून जमिनीची वाट बघत बसतो. पाय कमरेच्या पुढे पडतो, टाच टेकते, अंग मागे राहतं. उतारावर सायकलचा पुढचा ब्रेक दाबावा तसं होतं. ट्रेल लेग तोवर दमून सरळ खाली येतो, कंबर एका बाजूला वळते आणि पुढचं पाऊल आखूड आणि तिरकं पडतं. आता पुढच्या हर्डलपर्यंत तीनच पावलं टाकायची आहेत आणि त्यातलं पहिलंच वाया गेलंय. मग उरलेल्या दोन पावलांत ती अंतर भरून काढायला पाय लांबवते, ओढत-ओढत पुढच्या हर्डलपाशी पोचते, तिथे वेग मेलेला असतो, म्हणून वर उडावं लागतं. वर उडाली की परत उंचावरून उतरणं आलंच. पाचव्या हर्डलला तीन पावलं पुरेनाशी होतात, चौथं घालावं लागतं, मग लीड लेगच बदलतो आणि सगळा ताल मोडतो.

महिलांच्या शंभर मीटर हर्डल्सचं मोजमाप बघितलं तर ही तीन पावलं किती मोलाची आहेत ते कळेल. दोन हर्डल्समध्ये साडेआठ मीटर अंतर. त्यातून उतरल्यावरचा सुमारे एक मीटर आणि उडण्याआधीचे सुमारे दोन मीटर वजा केले, की तीन पावलांना साडेपाच मीटर उरतात. पहिलं पाऊल सगळ्यात आखूड, दुसरं सगळ्यात लांब, तिसरं पुन्हा जरा कमी, कारण उडण्याआधी पाय चटकन खाली आणावा लागतो. पुरुषांच्या ११० मीटरमध्ये अंतर ९.१४ मीटर आणि हर्डलची उंची १०६.७ सेंटिमीटर. महिलांना ८३.८. या आकड्यांत कुणालाही सूट नाही. उंच माणसाला पावलं कोंबावी लागतात, बुटक्याला ताणावी लागतात.

एके दिवशी सरांनी फक्कीची पिशवी आणली. हर्डलच्या आधी आणि नंतर दोन-दोन मीटरपर्यंत जमिनीवर पांढरी फक्की पातळ पसरली आणि मुलीला तीनदा पळवलं. पावलं स्वच्छ उमटली. टेप लावून बघितलं तर उडण्याचं पाऊल आणि हर्डल यांत जेवढं अंतर, जवळपास तेवढंच अंतर हर्डल आणि उतरण्याच्या पावलात. हे मोजमाप तिला स्वतःलाच वाचायला लावलं. चांगल्या खेळाडूत हे वाटप साधारण साठ-चाळीस असतं: साठ आधी, चाळीस नंतर. पुरुषांत दोन मीटरहून थोडं जास्त आधी, आणि सव्वा ते दीड मीटर नंतर. कारण सरळ आहे. लांबून उडालं तर सगळ्यात वरचा बिंदू हर्डलच्या अलीकडे येतो आणि हर्डलवरून जाताना शरीर उतरायलाही लागलेलं असतं. जवळ येऊन उडालं तर हर्डलला पाय लागू नये म्हणून वर जावंच लागतं, वरचा बिंदू हर्डलवर किंवा त्याच्याही पलीकडे जातो, आणि मग उतरणं लांब आणि जड.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि या लेखात मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे: उतरणं सुधारायचं असेल तर उतरण्याकडे बघून भागत नाही. पाय कसा पडणार, हे दोन मीटर आधीच ठरलेलं असतं, आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी, मुलाच्या मनात ठरलेलं असतं.

मनात, म्हणजे भीतीत. ही मुलगी जवळ येऊन का उडते? लांबून उडालं तर पाय अडकेल, असं तिला वाटतं. आणि तसं वाटण्याला कारण आहे. सहावीत असताना ती एका हर्डलवर आपटली होती, नडगीवर खूण अजून दिसते. ते हर्डल वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतलेलं होतं, जाड अँगलचं, खाली दोन्ही बाजूंना पाय. असं हर्डल धडकलं तर पडत नाही, माणूस पडतो. नियमाचं हर्डल इंग्रजी एल अक्षरासारखं असतं, त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, वरच्या पट्टीच्या मध्यावर ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की ते पुढे कलंडलं पाहिजे, आणि त्यासाठी खाली सरकती वजनं असतात. ही रचना १९३५ च्या सुमारास आली. त्याआधीची हर्डल्स उलट्या टीसारखी, दोन्ही बाजूंना आधार असलेली होती. खेळाडू त्यांना घाबरून उंच उडत. एलसारखं हर्डल आल्यावर माणसं अंगाने हर्डलच्या जवळून जायला धजावली. म्हणजे जगातल्या मोठ्या खेळाडूंचं तंत्रही लोखंडाच्या आकाराने बदललं, आणि आपण मात्र तालुक्यातल्या पोरांना नव्वद वर्षांपूर्वीच्या आकारावर पळवून वर विचारतो, उंच का उडतेस?

हर्डलला पाय लागला तर बाद होत नाही, हेही कित्येक मुलांना माहीत नसतं. मुद्दाम पाडलं, किंवा हर्डलच्या बाजूने पाय खालून नेला, तर बाद. चुकून लागला, हर्डल पडलं, तर चालतं. सरांनी हे मुलीला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, किती पाडली तर चालतात? सगळी पाडली तरी, असं उत्तर मिळाल्यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला.

म्हणून लोखंडी हर्डल्स भिंतीला लावून ठेवली गेली. त्यांच्या जागी विटा आल्या आणि विटांवर नुसता टेकवून ठेवलेला पीव्हीसी पाइप. पाय लागला की पाइप घरंगळतो, दुखत काही नाही. उंची सुरुवातीला गुडघ्याच्याही खाली. अंतर आठ मीटरऐवजी साडेसहा. तिला हे अपमानास्पद वाटलं, आणि ते साहजिक होतं. सातवीतली पोरं मोठ्या हर्डलवर आणि जिल्ह्याला खेळलेली ही मुलगी विटांवर. सरांनी समजूत घालत बसण्याऐवजी हातात फक्की दिली आणि उडण्याची रेघ तिलाच मारायला सांगितली. त्या रेघेच्या पुढे पाऊल पडलं तर ती धाव मोजायची नाही, एवढा एकच नियम. हर्डलपलीकडे कुठलीही रेघ नव्हती. कुठे उतरायचं हे तिला कुणी सांगितलंच नाही.

हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. उतरण्याच्या जागी रेघ मारली असती तर तिने पाय तिथे नेऊन ठेवण्याचा प्रयत्न केला असता, आणि ठेवलेला पाय नेहमी ताठ असतो. उडण्याची रेघ मागे नेली, उंची कमी केली, की उतरणं आपोआप जवळ येतं. पाइप इतका खाली की वर उडण्याची गरजच उरत नाही. मग लांबून पाऊल टाकायला भीती वाटत नाही. भीती गेली की अंग पुढे झुकतं. अंग पुढे असलं की लीड लेग पंजावर टेकतो. आठवडाभरातच आवाज बदलायला लागला होता. पूर्ण नाही. पाचातल्या दोन धावांत.

ट्रेल लेगचं काम मात्र वेगळं करावं लागतं, ते आपोआप होत नाही. मैदानाच्या कुंपणाला हात टेकून मुलं उभी राहतात, कमरेएवढ्या उंचीच्या हर्डलच्या बाजूने मागचा पाय वर आणतात, गुडघा बाहेर, टाच कुल्ल्याजवळ, पावलाची बोटं बाहेरच्या बाजूला वळलेली, आणि मग गुडघा छातीच्या पुढे ओढून पाय खाली. हळू. मग जरा भरभर. मग चालत हर्डलच्या एका बाजूने, नुसता मागचा पाय वरून काढत. कंटाळवाणा प्रकार आहे. त्यात स्पर्धा नाही, वेळ लावलेली नाही, टाळ्या नाहीत. पण यातच उतरण्याचं अर्धं रहस्य आहे: गुडघा छातीपुढे यायच्या आधी पाय खाली पडला, की कंबर फिरली आणि पुढचं पाऊल गेलं. या मुलीचा ट्रेल लेग डावा. डाव्या कमरेचा सांधा आवळलेला आहे, असं दिसतं. वर्गात बाकावर आणि रोज सायकलवर बसून तो मोकळा कसा होणार? म्हणून रोज धावण्याआधी दहा मिनिटं फक्त कमरेच्या हालचाली.

हाताचंही सांगायला हवं, कारण ते कोणी बघत नाही. ट्रेल लेग रुंद फिरतो, त्याला तोल द्यायला त्याच बाजूचा हात पुढून मागे येतो. हात अंगापासून लांब भिरकावला तर खांदे वळतात, खांद्यांबरोबर कंबर, आणि पाय लेनच्या मधोमध पडायच्या ऐवजी रेघेवर पडतो. सर तिला पुढच्या हाताच्या मनगटावरचं घड्याळ बघायला सांगतात. तिच्या हातात घड्याळ नाही, पण हात बरोबर जागी येतो.

आता जमिनीविषयी. आमचा शिरोळ तालुका काळ्या मातीचा, उसाचा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि पावसात पाय रुततो, म्हणून मैदानांवर मुरूम टाकून रोलर फिरवतात. तो मुरूम दोन उन्हाळ्यांत दगडासारखा होतो. त्यावर दिवसातून पन्नास वेळा एका पायावर उतरायचं. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कुस्तीचं खासबागचं मैदान उभं केलं, जिथे तालमीच्या लाल मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती मऊ राखायची रीत आहे, कारण पैलवानाने पडायचं कसं हे आधी शिकायचं असतं, त्याच जिल्ह्यात धावणाऱ्या पोरांच्या पायाखाली काय आहे याची चौकशी कुणी करत नाही. जयसिंगपूर हे गावही महाराजांनीच १९१७ मध्ये वसवलं, वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने. सरळ आखीव रस्ते, नंबराच्या गल्ल्या. ऊस परिषदेच्या दिवशी विक्रमसिंह मैदानावर माणूस मावत नाही. गावाला मैदानाचं महत्त्व समजावून सांगायची गरज नाही. हर्डल्सच्या दोन लेनपुरती मऊ, सपाट जमीन मिळावी, तीन-चार इंच माती भुसभुशीत करून तिच्यावर पाणी मारलं जावं, एवढंच मागणं आहे.

हे पायांच्या काळजीपोटी म्हणतोय. तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलींची हाडं वाढत असतात, आणि वाढीच्या वेगवान काळात मांडीचा स्नायू जिथे गुडघ्याखाली हाडाला जोडलेला असतो तो उंचवटा नाजूक असतो. वारंवार आपटून उतरलं की तिथे दुखायला लागतं, सूज येते. टाचेच्या मागच्या हाडाचंही तसंच. वाढीचं दुखणं आहे, जाईल, असं घरी म्हणतात. ते जातंही, पण विश्रांती दिली तर. आपल्याकडे त्याच महिन्यात तालुका स्पर्धा लागलेली असते. पावसाळ्यात चिखलात तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. दहावीला क्रीडा गुणांची आशा असते. पोरगं गुडघ्याला पट्टी बांधून पळतं. टाचेवर, ताठ गुडघ्याने उतरणारं पोरगं असेल तर हा भार आणखी वाढतो. माझ्या दृष्टीने लँडिंग सुधारण्याचं पहिलं कारण पदक नव्हेच. या मुलीला विसाव्या वर्षी धड जिना चढता आला पाहिजे, हे पहिलं कारण.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सुटका नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेस पळतो. तीन हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, घट्ट बसवलेला, आणि पाण्याच्या खड्ड्यात प्रत्येक वेळी एका पायावर उतरायचं. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा हा धावपटू जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, शर्यत सोडावी लागली, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्याकडे प्रशिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, सैन्य आहे. शाळेतल्या मुलीकडे गुडघ्याची पट्टी आहे.

महाराष्ट्रात हर्डल्सचं सध्याचं मोठं नाव तेजस शिरसे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला हा मुलगा भुवनेश्वरला जेम्स हिलियर यांच्याकडे तयार झाला. २२ मे २०२४ ला फिनलंडमधल्या युवास्कुला इथे त्याने ११० मीटर हर्डल्स १३.४१ सेकंदांत पार केली आणि सिद्धांत थिंगलाया या मुंबईच्या खेळाडूचा २०१७ पासूनचा १३.४८ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. सात शतांश सेकंदांचा फरक. दहा हर्डल्सवर वाटला तर एका हर्डलच्या वाट्याला एक शतांशही येत नाही. पॅरिस ऑलिंपिकची थेट पात्रता १३.२७ होती, म्हणजे अजून चौदा शतांश, हर्डलमागे दीड शतांशाहून कमी. एवढा वेळ कुठे सापडणार? सुरुवातीच्या वेगात थोडा, आणि बाकीचा दहा वेळा जमिनीवर पाय टेकण्यात. हिलियर यांच्याच गटातली विशाखापट्टणमची ज्योती याराजी २०२३ च्या आशियाई स्पर्धेत १२.९१ सेकंदांत रौप्यपदक मिळवून आली आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर हर्डल्स पळणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिची शर्यत मोबाइलवर हळू वेगात लावून या मुलीला दाखवली. ती ज्योतीचं डोकं बघत राहिली आणि म्हणाली, हे वरखाली होतच नाही. मला वाटतं, तिने नेमकं बघितलं. डोकं एका पातळीत राहिलं, की समजावं कंबर नीट चाललीय, आणि कंबर नीट चाललीय म्हणजे पाय बरोबर जागी पडणार.

भारताचा आणि हर्डल्सचा संबंध किती जुना आहे, हे मात्र मोबाइलवर दिसत नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कलकत्त्याच्या नॉर्मन प्रिचार्डने दोनशे मीटर आणि दोनशे मीटर हर्डल्स अशी दोन रौप्यपदकं मिळवली; हर्डल्समध्ये त्याच्या पुढे होता अमेरिकेचा आल्विन क्रेंझलाइन, ज्याने सरळ पायाने हर्डल पार करण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी लोक दोन्ही पाय पोटाशी घेऊन उडत आणि पलीकडे धप्पकन उतरत. १९५२ चं हेलसिंकी आपल्याकडे खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकासाठी आठवतात, आणि आठवावंच. त्याच ऑलिंपिकमध्ये नीलिमा घोष ही भारतीय मुलगी ऐंशी मीटर हर्डल्स पळाली होती. तेव्हा महिलांची ऑलिंपिक शर्यत ऐंशी मीटरचीच होती. बारा मीटरवर पहिलं हर्डल, मग आठ-आठ मीटरवर सात, आणि शेवटचे बारा मीटर. शंभर मीटर आली ती १९७२ मध्ये. उदगावकडची ही मुलगी पळते ते अंतर म्हणजे शाळकरी पोरांसाठी कापून काढलेलं काहीतरी नव्हे, एके काळी ऑलिंपिकचंच अंतर होतं. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत एम. डी. वलसम्माने चारशे मीटर हर्डल्सचं सुवर्ण घेतलं, आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषाचं कांस्य एका शतांश सेकंदाने हुकलं: ५५.४१ आणि ५५.४२. त्या शर्यतीत दहा हर्डल्स असतात. दहापैकी एखाद्या ठिकाणी पाय जरा लवकर जमिनीला लागला असता तर, असा विचार मनात येतोच.

आपली पद्धत कुठे चुकते ते शाळकरी स्पर्धांत दिसतं. शाळकरी मुलाने या वर्षी पदक आणलं पाहिजे, म्हणून ऑगस्टमध्ये त्याला पूर्ण उंचीच्या हर्डलवर सोडतात. उंच, काटक पोरगं असेल तर ते उडी मारून जिल्हाही जिंकतं. आईवडील खूश, शाळा खूश. पुढच्या गटात अंतर वाढतं, उंची वाढते, आणि उडी मारून पार करण्याची सवय तीन वर्षांत इतकी मुरलेली असते की ती मोडायला आणखी तीन वर्षं लागतात. तेवढी वाट कोण बघणार? पोरगं खेळ सोडतं. क्रीडाशिक्षकांना दोष देणं सोपं आहे. एकेका सरांकडे खो-खो, कबड्डी, कवायत, संचलन, निवडणुकीचं काम आणि वर हर्डल्स. लहान गटात हर्डल्सची शर्यत ठेवायची तर उंची खूप कमी ठेवावी आणि पडेल असंच हर्डल वापरावं, एवढं जरी स्पर्धा घेणाऱ्यांनी पक्कं केलं तरी पुष्कळ होईल. प्रत्येक तालुक्याला नियमाच्या हर्डल्सचा एक संच, शाळाशाळांत फिरता, मिळाला तर ते काही परवडणार नाही असं नाही. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची बक्षिसं लागतात त्यातल्या एकाच्या किमतीत तो येईल.

या मुलीपुरतं सरांनी ठरवलंय ते असं. या मोसमात हर्डल्सला नाव द्यायचं नाही, फक्त शंभर मीटर पळायचं. घरी हे पटवायला त्यांना दोनदा जावं लागलं. वडिलांचं म्हणणं होतं की गेल्या वर्षी हर्डल्समध्येच तर पोरगी जिल्ह्याला गेली. शेवटी आईने विचारलं, गुडघा दुखणार नाही ना? सर म्हणाले, याच पद्धतीने कमी दुखेल. ठरलं. दिवाळीची सुट्टी संपली की पाइप एक वीट वर जाईल, अंतर सात मीटर होईल. त्या उंचीवर दहापैकी आठ धावांत आवाज बारीक आला तर आणखी एक वीट. नाही आला तर तीच उंची, कितीही दिवस. आठ मीटरचं अंतर आणि खरं हर्डल मार्चपूर्वी नाही.

मधल्या काळात तिला उजव्या पायाबरोबर डाव्या पायानेही लीड घ्यायला शिकायचंय, म्हणजे पुढे चार पावलं टाकायची वेळ आली तरी अडणार नाही. डाव्या बाजूने ती अजून लहान मुलासारखी अडखळते, पाइप दोनदा पाडते, हसते, परत विटांवर ठेवते आणि मागे जाऊन उभी राहते.